शेगडी खालून बघावी

कॅम्पिंगसाठी शेगडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी जाळी बघतं. एका वेळी किती कणसं राहतील, चिकनचे किती तुकडे लागतील, पत्रा चकचकीत आहे का, घडी केल्यावर डिकीत कुठे बसेल. मग किंमत विचारतं आणि घेऊन जातं. शेगडी उलटी करून तिचा तळ बघणारा माणूस विरळाच. खरं तर निम्म्याहून अधिक परीक्षा तिथेच होते. हवा कुठून शिरते, राख कुठे पडते, निखारे जमिनीपासून किती उंच राहतात आणि जाळीपासून किती खाली, हे सगळं तळ ठरवतो. जाळी पुढे बदलता येते. फॅब्रिकेशनच्या दुकानात माप दिलं की दुसरी करून मिळते. तळ चुकला की चुकला.

याचं कारण कोळशाच्या जळण्यात आहे. लाकूड तापलं की त्यातून वायू बाहेर पडतात आणि जी ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. लाकूडकोळसा तयार करताना हे वायू आधीच निघून गेलेले असतात. उरतो तो मुख्यतः कार्बन. तो पृष्ठभागावर जळतो, प्राणवायू जिथे त्याला भिडतो तिथे. म्हणून धरलेल्या कोळशाला ज्वाळा जवळजवळ नसते, धूरही फारसा नसतो, पण हवा सतत लागते आणि तीही खालून. तापलेली हवा वर निघून जाते, तिची जागा घ्यायला गार हवा खालून ओढली जाते. ही ये-जा चालू असली तर शेगडी आपली आपण चालते, फुंकावं लागत नाही.

स्वस्तातल्या बऱ्याच शेगड्यांमध्ये कोळसा थेट तळाच्या पत्र्यावर ठेवायचा असतो. कडेला चार-सहा भोकं, बस्स. पहिला अर्धा तास झकास जातो. मग राख साचते, भोकं बुजतात, निखारे काळवंडतात आणि ग्रुपमधला एखादा उत्साही गडी पेपर प्लेट घेऊन वारा घालायला बसतो. राख उडते ती नेमकी पनीरवर. चांगल्या शेगडीत दोन जाळ्या असतात, वरची खाण्याची आणि खालची कोळशाची. खालच्या जाळीखाली दोन-तीन बोटं जागा मोकळी असते. राख तिथे पडते आणि हवा तिथूनच वर येते. त्याखाली राख धरणारा ट्रे हवा. हवेच्या भोकांना सरकती झडप असेल तर सोन्याहून पिवळं, कारण आच कमीजास्त करायचा कोळशाच्या शेगडीतला खरा उपाय तोच. दुकानात जाळी हातात घेऊन वाजवून बघण्यापेक्षा ही झडप दोनदा सरकवून बघावी.

आता उंची. निखारा अन्न शेकतो ते मुख्यतः डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी. वर जाणारी गरम हवा मदत करते, पण मोठा वाटा किरणांचा. आणि या किरणांचा हिशोब थोडा विचित्र आहे. तापलेल्या वस्तूतून निघणारी किरणांची उष्णता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातात वाढते. ५०० अंश सेल्सिअसचा निखारा वारा घालून ८०० अंशांवर नेला, तर त्यातून निघणारी उष्णता दीड-दोन पट होत नाही, जवळपास पावणेचार पट होते. पावसात हातगाडीवर कणीस भाजणारा माणूस हातपंखा मारतो, थांबतो, पुन्हा मारतो, ते उगीच नाही. त्याच्याकडे झडप नाही. पंखा हीच त्याची झडप.

एवढ्या तीव्र उष्णतेजवळ अन्न किती अंतरावर ठेवायचं हे म्हणूनच महत्त्वाचं. भाजल्याचा तो खरपूस तपकिरी रंग आणि वास येतो तो प्रथिनं आणि शर्करा यांच्यातल्या अभिक्रियेमुळे. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली. साधारण १४० अंशांच्या पुढे ती जोर धरते. पाणी मात्र १०० अंशांवरच उकळतं, म्हणजे तुकड्याचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत तिथलं तापमान वर चढत नाही. मसाल्याचं पाणी गळतंय असा तुकडा जाळीवर टाकला तर तो आधी उकडतो, मग भाजतो. बाहेरून रंग यावा आणि आत चिकन ७४ अंशांपर्यंत शिजावं, हे दोन्ही साधायचं तर निखारे आणि जाळी यांच्यात वीतभराच्या आसपास अंतर लागतं. पातळ पापलेटला किंवा पनीरला त्याहून कमी चालतं. लेग पीसला चालत नाही.

ऑनलाइन सर्वात जास्त खपणारी घडीची शेगडी, जी मिटली की वहीएवढी होते, ती इथेच मार खाते. तिच्यात निखारे आणि जाळी यांच्यामध्ये जेमतेम तीन-चार बोटं असतात. कोळसा संपला की जाळीवरचं सगळं उचलल्याशिवाय नवा टाकता येत नाही. पाय एवढे आखूड की खालची हिरवळ करपते. सॅकमध्ये बसते हा तिचा एकमेव गुण, आणि त्या गुणावर ती विकली जाते. दोघांना कणसं भाजायला, पापड-रताळी करायला ती ठीक आहे. आठ जणांची पार्टी तिच्या भरवशावर ठरवू नये.

जाळीच नसलेली शेगडीही असते. मोहम्मद अली रोडवर सीक कबाबवाल्यांकडे असतो तो लांबट, अरुंद पत्र्याचा पन्हळ. सळया त्याच्या दोन काठांवर टेकतात आणि मांस अधांतरी फिरतं. चिकटायला जाळीच नाही, घासायला जाळीच नाही, आणि आच कमी करायची तर सळई उचलून कोळसा विरळ असेल तिकडे न्यायची. ज्यांचं कॅम्पिंगचं खाणं म्हणजे मुख्यतः टिक्का, कबाब आणि पनीर, त्यांनी असा पन्हळ एखाद्या फॅब्रिकेटरकडून पायांसकट करून घ्यावा असं मी बिनदिक्कत सांगेन. सळई पन्हळापेक्षा चार बोटं लांब हवी आणि चपटी हवी. गोल सळईवर तुकडा सळई फिरवली तरी फिरत नाही, एकाच बाजूने जळत राहतो.

मोटारीची भावंडं

नेता येण्याजोगी शेगडी ही मोटारीबरोबर आलेली चीज आहे, आणि हा संबंध निव्वळ योगायोगाचा नाही. अमेरिकेत हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि टायर बनवणारे हार्वे फायरस्टोन हे तिघे पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या वर्षांत मोटारींचा ताफा घेऊन तंबूतल्या सहलींना जात. वर्तमानपत्रं त्यांच्या मागे असत. गाडी घ्या आणि रानात जा, ही जाहिरात त्यात आपोआप होई. त्या काळी मॉडेल टी गाडीच्या सांगाड्यात बरंच लाकूड वापरलं जाई. मिशिगनमधल्या फोर्डच्या कारखान्यात लाकडाच्या तुकड्यांचे आणि भुशाचे ढीग साचू लागले. १९२० च्या दशकात फोर्डने त्याचा कोळसा करून, तो दळून, पिठूळ पदार्थात मळून त्याच्या वड्या पाडायला सुरुवात केली. या वड्यांची कल्पना फोर्डची असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते खरं नाही. एल्सवर्थ झ्वॉयर यांनी १८९७ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. फोर्डने केलं ते दुसरंच. त्याच्या गाड्या विकणाऱ्या दुकानांतूनच त्याने कोळसा आणि सहलीची शेगडी विकली. तो कोळसा पुढे किंग्सफर्ड या नावाने प्रसिद्ध झाला.

झाकणाची गोष्ट त्यानंतरची. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणारे जॉर्ज स्टीफन हे घरामागच्या विटांच्या उघड्या चुलीवर भाजून वैतागले होते. वारा आला की राख, पाऊस आला की सगळंच आटोपलं. त्यांच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयांचे अर्धगोल बनत. १९५२ मध्ये त्यांनी तसे दोन अर्धगोल घेतले, खालच्याला पाय लावले, वरच्याला मूठ बसवली आणि दोन्हींना हवेची भोकं पाडली. आज वेबर नावाने जगभर विकली जाणारी गोल शेगडी ती हीच. तिची लहान, गुडघ्याएवढी आवृत्तीही मिळते आणि गाडीने जाणाऱ्यांसाठी ती चांगली आहे.

आपल्याकडे झाकणाला लोक शोभेची वस्तू समजतात. सह्याद्रीतल्या वाऱ्यात त्याची किंमत कळते. पवनेच्या काठावर संध्याकाळी किंवा काशिदच्या किनाऱ्यावर दुपारनंतर वारा सुटला की उघड्या शेगडीतले निखारे पांढरेशुभ्र होतात, अर्ध्या वेळात संपतात आणि ठिणग्या उडतात त्या वेगळ्याच. झाकण घातलं की हवा फक्त भोकांतून, म्हणजे आपल्या मर्जीने शिरते. आतली हवा तापून अन्न चोहोबाजूंनी शिजतं, त्यामुळे जाड तुकडे करपत नाहीत. निघायच्या वेळी झाकण आणि भोकं बंद केली की कोळसा गुदमरून विझतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी वापरता येतो. झाकण नसेल तर निदान तीन बाजूंनी वारा अडवणारे पत्रे हवेत.

आपल्याकडेही यातल्या एका प्रश्नाचं उत्तर कधीचं तयार होतं. चाळीत, वाड्यात वापरली जाणारी बादलीची शेगडी आठवणारी माणसं अजून आहेत. पत्र्याची बादली, आतून मातीचा जाड थर, मध्ये सळयांची जाळी आणि खाली राख काढायला तोंड. माती उष्णता सहजासहजी बाहेर सोडत नाही, त्यामुळे मूठभर कोळशावर भात होई. जपानमधल्या शिचिरिन शेगडीचं तत्त्वही तेच. ती डायटमी मातीची असते, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांनी बनलेल्या, बारीक छिद्रांनी भरलेल्या मातीची. नोतो द्वीपकल्पातलं सुझू हे गाव त्यासाठी नावाजलेलं आहे. तळहाताएवढ्या निखाऱ्यावर चौघांचं भाजणं होतं आणि बाहेरचा भाग पातळ पत्र्याएवढा तापत नाही. दोष दोन. वजन आणि ठिसूळपणा. घाटातल्या खड्ड्यांवर डिकीत आदळली की चीर पडते, आणि तापलेली असताना पाणी ओतलं तर हमखास पडते. किनाऱ्यावर कुणाच्या तरी घराच्या अंगणात तंबू ठोकणाऱ्यांना ती चालेल. फिरस्त्यांना नाही.

गॅस घ्यावा का?

कोळशाच्या भाजण्याला वेगळी चव असते यावर इतक्या लोकांचा विश्वास आहे की गॅसच्या शेगडीचं नाव काढलं तरी नाकं मुरडली जातात. या विश्वासाची परीक्षा स्वयंपाकघरातच करता येते. डाळीला किंवा भरताला धुंगार देताना आपण वाटीत रसरशीत निखारा ठेवतो. तो नुसता ठेवला तर वास येत नाही. त्यावर तुपाचा थेंब टाकला की धुराचा लोट उठतो. भाजताना नेमकं हेच होतं. चरबी आणि मसाल्याचं तेल खाली टपकतं, तापलेल्या पृष्ठभागावर जळतं आणि त्याचा धूर वरच्या तुकड्याला लागतो. हा पृष्ठभाग कोळशाचा असला काय आणि लोखंडाचा असला काय, थेंबाला फरक पडत नाही. चांगल्या गॅस ग्रिलमध्ये बर्नरवर धातूच्या उतरत्या पट्ट्या किंवा ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड असतात. ते दोन कामं करतात. गॅसच्या निळ्या ज्योतीतून किरणं कमी आणि गरम हवा जास्त निघते. पट्ट्या तापून ती उष्णता किरणांच्या रूपात वर देतात. आणि थेंब झेलून धूर करतात. या पट्ट्या नसलेलं गॅस ग्रिल म्हणजे वर जाळी ठेवलेला गॅसचा स्टोव्ह. तो विकत घेण्यात अर्थ नाही, तो तुमच्याकडे आहेच.

गॅसची खरी अडचण चवीत नाही, डब्यात आहे. कॅम्पिंगच्या दुकानात मिळणाऱ्या लांबट डब्यात बहुधा ब्युटेन असतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे त्याहून गार हवेत तो डब्यात द्रवच राहतो, ज्योत येत नाही. भंडारदऱ्याला डिसेंबरच्या पहाटे एवढी थंडी नसते, तरी दाब उतरलेला जाणवतो. शिवाय द्रवाचा वायू होताना डबा स्वतःच गार होत जातो, म्हणून सुरुवातीला फुललेली ज्योत वीस मिनिटांनी मलूल होते. स्पिती किंवा लडाखला जाणाऱ्यांनी आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असलेला बुटका, आट्यांचा डबा घ्यावा. आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. विमानात कुठलाच डबा नेता येत नाही, तेव्हा तो लेहला किंवा मनालीला उतरूनच घ्यायचा.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. घरच्या सिलिंडरमधून हे डबे भरून देणारे लोक बाजारात आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन असल्याने त्याचा दाब ब्युटेनपेक्षा बराच जास्त असतो, आणि ब्युटेनचा पातळ डबा त्या दाबासाठी बनलेला नसतो. दुसरी गोष्ट, आडव्या डब्याच्या स्टोव्हवर डबा झाकला जाईल एवढी मोठी भाजायची प्लेट ठेवू नये. प्लेटची उष्णता उलटून डब्यावर येते आणि डबा फुटू शकतो. मोठा ग्रुप असेल तर तेल कंपन्यांचा ५ किलोचा छोटा सिलिंडर, रेग्युलेटर आणि शिक्क्याची नळी हाच सरळ मार्ग.

तो सिलिंडर गाडीच्या डिकीत उभा बांधून न्यायचा. रेल्वेने न्यायचा विचारही नको. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक सामान बेकायदा नेल्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात चहा-कॉफीसाठी आणलेल्या सिलिंडरने आग लागली आणि ९ जण गेले. कसाऱ्याला लोकलने जाणारे ट्रेकर लहान डबा सॅकमध्ये टाकतात, हे मला ठाऊक आहे. कायदा डब्याचा आकार बघत नाही.

माझा कौल विचाराल तर, गाडीने जाणाऱ्या चार-सहा जणांसाठी कोळसा आणि झाकणवाली शेगडी. सकाळच्या चहा-पोह्यांसाठी वेगळा छोटा गॅस स्टोव्ह. दोन्ही कामं एकाच यंत्राकडून करून घ्यायचा अट्टाहास महागात पडतो. आणि पाठीवर ओझं घेऊन गड चढणाऱ्यांनी शेगडी घेऊच नये. कोळसा, सळया, मॅरिनेट केलेलं मांस आणि ते गार ठेवायचा बर्फ हे सगळं मिळून जे वजन होतं ते कुठल्याही भाजलेल्या तुकड्याच्या लायकीचं नसतं. शिवाय ३२ अंशांच्या वरच्या हवेत कच्चं चिकन तासाभराहून जास्त बाहेर राहणं सुरक्षित नाही, आणि गड चढायला त्याहून जास्त वेळ लागतो.

पत्रा, बीड आणि शेजारची जाळी

कुठल्या धातूची घ्यावी यावर फार डोकं खपवू नये, जाडीवर खपवावं. अर्धा मिलिमीटरचा पत्रा दोन-तीन वेळा तापला की बाक धरतो, मग घडी नीट मिटत नाही. एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड बरा. स्टीलमध्ये ३०४ हे नाव ऐकू येईल. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्यामुळे खाऱ्या हवेत ते टिकतं. कोकणात वारंवार जाणाऱ्यांनी त्याचे जास्तीचे पैसे द्यावेत. भंडारदरा-इगतपुरीकडे जाणाऱ्यांना रंग दिलेला साधा पत्राही पुरतो. बिडाची जाळी उष्णता धरून ठेवते, तिच्यावर रेघा सुरेख उमटतात, पण ती जड असते आणि बिडाच्या तव्यासारखीच तेल पाजून सांभाळावी लागते.

एका जाळीबद्दल मात्र निक्षून सांगायला हवं. हार्डवेअरच्या दुकानात पिंजऱ्यांना, कुंपणाला लावायची जी.आय. जाळी स्वस्तात मिळते आणि आयत्या वेळी ती शेगडीवर टाकायचा मोह होतो. तिच्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि रसरशीत निखारे त्याच्या कितीतरी पुढे असतात. जस्ताच्या धुराने ताप-थंडी भरते, हे वेल्डिंग करणाऱ्यांना विचारा. निखाऱ्यांवर नॉनस्टिक भांडीही नकोत. त्यांचा लेप २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो.

आकाराचा अंदाज सोपा आहे. ३० बाय ४० सेंटिमीटरची जाळी चौघांना बऱ्यापैकी पुरते, कारण सगळं एकदम भाजायचं नसतंच. कोळसा एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ पसरला की एकीकडे रंग येतो आणि दुसरीकडे शिजतं. आपल्याकडे आणखी एक प्रश्न असतो, जो परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकात कधीच नसतो. ग्रुपमध्ये दोन-तीन जण शाकाहारी असतात आणि बांगड्याच्या जाळीवर त्यांचं पनीर चालत नाही. एकच मोठी जाळी घेण्यापेक्षा दोन अर्ध्या जाळ्या असलेली शेगडी घ्यावी, नाहीतर एक जादा जाळी आणि चिमटा वेगळा ठेवावा. त्यावरून होणारे रुसवेफुगवे जादा जाळीच्या किमतीपेक्षा जड असतात. मासे भाजणाऱ्यांनी दोन पात्यांची, मिटणारी जाळी जरूर घ्यावी. बांगडा उघड्या जाळीला चिकटतो आणि उलटताना तुटतो.

वर्षातून एखाद्याच वेळी जाणाऱ्यांनी काहीच घेऊ नये, हेही सांगून टाकतो. पवना काठच्या बहुतेक तंबूवाल्यांच्या पॅकेजात शेगडी आणि थोडा कोळसा धरलेला असतो. आपण फक्त चांगला कोळसा जादा न्यावा. बाभळीचा किंवा वेड्या बाभळीचा दगडासारखा कडक कोळसा बराच वेळ टिकतो. करवंटीच्या कोळशाच्या वड्या एकसारख्या जळतात. चौघा-पाच जणांच्या संध्याकाळला किलो-दीड किलो पुरावा. पोत्याच्या तळाचा चुरा घेऊ नये, तो जाळीतून गळतो आणि हवा अडवतो.

पेटवायला रॉकेल किंवा पेट्रोल नको. वास अन्नात उतरतो आणि भडका तोंडावर येतो. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याची दोन्ही तोंडं कापून, खालच्या अंगाला भोकं पाडून केलेली चिमणी हे अवघं तंत्र आहे. ती शेगडीवर उभी करायची, तळाशी नारळाची शेंडी आणि कापराच्या चार वड्या, वर कोळसा. उभ्या नळीतून हवा जोराने वर ओढली जाते आणि वीस मिनिटांत वरच्या कोळशावरही राखेचा पांढरा थर धरतो. मग चिमट्याने उचलून निखारे जाळीवर ओतायचे. हात जाळीच्या वर वीतभर धरून बघावा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच कडक, पाच-सहा सेकंद टिकला तर मध्यम.

आता जिथे हयगय चालत नाही अशा गोष्टी. शेगडी तंबूत नेऊ नये. तंबूच्या पुढच्या छपरीतही नको, मग बाहेर पाऊस कितीही असो. हवा कमी पडली की कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. धुमसणारे, जवळजवळ विझलेले निखारे यात सर्वात फसवे, कारण धूर दिसत नाही म्हणून ते उबेसाठी आत घेतले जातात.

राखीव जंगलात विस्तव पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. हरिश्चंद्रगड, कळसूबाई हा सगळा टापू तर अभयारण्य आहे. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि वणवा लागायला एक ठिणगी पुरते. गावातल्या कुणाच्या खळ्यात किंवा अंगणात विचारून शेगडी मांडावी, खाली सपाट कातळ किंवा उघडी माती असावी, आणि शेजारी पाण्याची बादली. नदीतले ओले गोटे चुलीसाठी रचू नयेत. आत शिरलेलं पाणी तापून वाफ झालं की ते तडकतात.

किनाऱ्यावर निखारे वाळूत पुरायची पद्धत आहे. ती सर्वात वाईट. वाळू उष्णता धरून ठेवते, वरून काही दिसत नाही, आणि तासाभराने तिथून अनवाणी पळणाऱ्या पोराचा तळवा भाजतो. पाणी ओता, ढवळा, पुन्हा पाणी ओता, हात लावून बघता येईल इतकं गार झालं की राख पिशवीत भरून परत आणा. माती लिंपलेली शेगडी असेल तर निखारे आधी पत्र्याच्या डब्यात काढून मग पाणी.

घरी आल्यावर शेगडी तशीच माळ्यावर टाकली जाते. राख दमट हवेत पाणी ओढते आणि पत्रा आतून खाते, मुंबईत तर एका पावसाळ्यात. म्हणून राख पूर्ण झाडून, जाळी तारेच्या ब्रशने घासून, तेलाचा बोळा फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळावी. स्टीलची शेगडी असली तरी बिजागर आणि स्क्रू बऱ्याचदा साध्या लोखंडाचे असतात; त्यांनाही तेलाचं बोट लावावं.